थीसिसचं सॉफ्टवेअर आणि माझी रिकामी टेबलं

सर्जरीच्या रेसिडेन्सीत थीसिसचा विषय होता डायबेटिक फूट, म्हणजे मधुमेहींच्या पायाच्या जखमा. ९६ केसेस जमल्या तशी एका सीनियरने आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरची पेन ड्राइव्ह हातात ठेवली. "एसपीएसएस आहे, टाकून घे. सगळे हेच वापरतात." लायसन्सचं विचारलं तर नुसता हसला. थीसिसमध्ये ज्याचं नाव छापायचं तेच चोरीचं, हे काही पटेना. विकत घ्यायचं तर स्टायपेंडचा जीव केवढा!

पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, सॉफ्टवेअर राहू दे. आधी रिकामी टेबलं आखून आण."

आकडे नसलेली टेबलं आखायची हे तेव्हा खुळेपणाचं वाटलं. पण दोन रात्री बसून आखली आणि प्रश्न तिथेच सुटला. मुख्य टेबलात एका बाजूला वॅगनर ग्रेडचे (जखम किती गंभीर ते सांगणारे) चार गट, दुसऱ्या बाजूला तीन निकाल: जखम भरली, बोट किंवा पावलाचा भाग काढला, घोट्याच्या वरून पाय काढला. बारा घरांत ९६ पेशंट वाटले की कित्येक घरांत अपेक्षित संख्या (ग्रेडचा निकालाशी संबंध नसता तर आली असती ती) ५ च्या खाली जाते. तिथे काय-स्क्वेअर या नेहमीच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, लहान आकड्यांना चालणारी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लागते. एसपीएसएसच्या मूळ पॅकेजमध्ये ती दोन-बाय-दोनसाठी मिळते. मोठ्या टेबलासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. फुकटच्या 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एका ओळीत होते.

कोडिंगची भीती होतीच. म्हणून सुरुवात जामोवीवर केली. तेही मोफत, आत आरच चालतं, वर माउसने निवडायचे मेन्यू. आपण काय निवडलं त्याचा आर-कोडही ते दाखवतं. तो बघत बघत हात बसला.

खरा घाम एक्सेलने काढला. माझ्या लॅपटॉपवर तारखा अमेरिकी पद्धतीच्या, आधी महिना. ५ एप्रिलला भरती झालेला आणि ९ एप्रिलला घरी गेलेला पेशंट मे ते सप्टेंबर वॉर्डात! चार दिवसांचा मुक्काम १२३ दिवसांचा. १२ च्या पुढच्या तारखा तर नुसता मजकूर म्हणून डावीकडे सरकून बसल्या होत्या. ९६ केसपेपर परत काढले. यात कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला आलं नसतं. त्याने मुकाट्याने सरासरी काढून दिली असती.

शेवटी ड्राफ्ट गाइड मॅडमकडे गेला. "विश्लेषण आर मध्ये केले" या ओळीखाली लाल शाईत शेरा आला: "नाव अर्धवट राहिले आहे. पूर्ण लिहा."

आर बनवणाऱ्या ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांच्या नावातला तो आर, हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, निदान व्हर्जन तरी लिही."