शंभर ग्रॅम आणि एक चौकट

७ ऑगस्ट २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या कुस्तीच्या अंतिम लढतीसाठी आमच्या पेपरात विनेश फोगटची दोन पानं आदल्या रात्रीच लावून ठेवली होती. एक सुवर्णाचं, एक रौप्याचं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण लढत रात्री उशिरा असली की निकाल आल्यावर पान लावत बसायला वेळ नसतो. मजकूर दोन्हींकडे तोच, फक्त इंट्रो आणि हेडिंग वेगळं, फोटोची जागा कोरी. तिसरं पान आम्ही लावलं नव्हतं. ती मॅटवर उतरणारच नाही, असं पान कोण कशाला लावेल?

आदल्या दिवशी तिने केलं होतंच तसं काही. पहिलीच लढत जपानच्या युई सुसाकीशी. टोक्योत एकही गुण न देता सुवर्ण जिंकलेली, आंतरराष्ट्रीय मैदानात ८२ लढतींत एकदाही न हरलेली. शेवटच्या काही सेकंदांत विनेशने तिला ३-२ अशी मात दिली. मग युक्रेनच्या ओक्साना लिवाचला ७-५, रात्री क्युबाच्या गुझमनला ५-०. ऑलिम्पिक कुस्तीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला.

माझा जीव मात्र दुसऱ्याच पानात अडकला होता. ७ तारखेच्याच मध्यरात्रीनंतर, आपल्या वेळेनुसार सव्वाच्या सुमारास, अविनाश साबळेची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल होती. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला पहिला भारतीय पुरुष. महिन्याभरापूर्वी पॅरिसमध्येच त्याने ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. तीन हजार मीटर, २८ अडथळे, पाण्यावरच्या सात उड्या, सगळं ग्राफिकमध्ये बसवून अर्धं पान तयार ठेवलं होतं. मराठी पेपरने त्या दिवशी ते पान वाजतगाजत छापायला हवं होतं, हे माझं मत आजही तेच आहे.

दुपारी बाराच्या सुमारास फ्लॅश आला. वजन शंभर ग्रॅम जास्त, विनेश अपात्र.

त्यानंतर डेस्कवर जे सुरू झालं, त्याला काम म्हणणं कठीण आहे. मीटिंगमधून वरिष्ठ बाहेर आले ते 'हा घात आहे' असं ठरवूनच. कुणी केला, कसा केला, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, पण हेडिंगला प्रश्नचिन्ह लावलं की सगळं खपतं, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. वाचकांचे फोन सुरू झाले. एका आजोबांनी विचारलं, "तिचं वजन वाढवलं कुणी?" मी म्हटलं, "आजोबा, पाण्याने आणि जेवणाने वाढलं." ते चिडले. म्हणाले, "तुम्हीसुद्धा विकले गेलात." फोन आपटला.

मला हवी होती एक चौकट. दोन कॉलम, पंधरा सेंटिमीटर, 'वजनाचा नियम नेमका काय?' या मथळ्याची. नियम अवघड नाही. पूर्वी आदल्या संध्याकाळी एकदाच वजन व्हायचं. पैलवान पाच-सहा किलो उतरवून काट्यावर चढायचे आणि रात्रीत परत भरून काढायचे. शरीराचे हाल व्हायचे. म्हणून २०१८ पासून जागतिक कुस्ती संघटनेने एका गटाची स्पर्धा दोन दिवसांची केली आणि दोन्ही सकाळी वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर चढायला पंधरा मिनिटं मिळतात. ऑलिम्पिकमध्ये एका ग्रॅमचीही सूट नाही. आणि कोणत्याही दिवशी वजन चुकलं तर खेळाडू स्पर्धेतून बाद आणि क्रमवारीत शेवटचा.

विनेशचा मूळ गट ५३ किलोचा. तिथला ऑलिम्पिक कोटा, म्हणजे देशाची जागा, अंतिम पंघालने २०२३ च्या जागतिक स्पर्धेतल्या कांस्याने मिळवला, म्हणून विनेश ५० ला उतरली. पहिल्या सकाळी तिचं वजन ४९.९ भरलं. तीन कुस्त्या, त्यामध्ये पाणी आणि खाणं, संध्याकाळी ती मर्यादेपेक्षा २.७ किलो वर होती. पथकाचे मुख्य डॉक्टर, आपल्या मुंबईचे दिनशॉ पारडीवाला, यांनी नंतर सांगितलं की रात्रभर प्रयत्न केले, शेवटी केसही कापले. लोक शंभर ग्रॅमवर रडत होते. एका रात्रीत दोन किलो सहाशे ग्रॅम उतरवले होते, ते कुणी बघेना.

कोल्हापूरच्या एका वस्तादांना फोन लावला. कसलाही आव न आणता ते म्हणाले, "पोरगी त्रेपन्नचीच हाय. पन्नासला उतरवली, पयल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी अंग मागतंय हो परत. आमची पोरं जत्रंच्या कुस्तीला वजन बघत न्हाईत, पर गादीवर गेली की हेच." दिवसभरात कानावर पडलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते.

आणि सगळ्यात चांगला प्रश्न विचारला आमच्या ट्रेनी मुलीने. ही रात्रभर जागून पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघते, एमएमए, यूएफसी वगैरे, म्हणून डेस्कवर तिची थट्टा चालते. ती म्हणाली, "सर, यूएफसीत वजन आदल्या दिवशी होतं. किताबाची लढत नसेल तर एक पाउंड सूट. चुकलं तर मानधनातला वाटा समोरच्याला जातो, आणि तो तयार असेल तर लढतही होते. पण आधी जिंकलेल्या लढती कुणी पुसत नाही. मग इथे मंगळवारचे, आदल्या दिवशीचे विजय का गेले? मंगळवारी तर तिचं वजन बरोबर होतं ना?"

मी खुर्चीत सरळ झालो. सबंध दुपारभर दिल्ली-मुंबईच्या एकाही चॅनेलवर हा प्रश्न ऐकला नव्हता. कुणाला कट दिसत होता, कुणाला विनेशचा निष्काळजीपणा. लोकसभेत क्रीडामंत्री मनसुख मांडवियांनी निवेदन केलं, त्यात तिच्या तयारीवर सरकारने सुमारे सत्तर लाख रुपये खर्च केल्याचा हिशेब होता. पडलेल्या पोराला फीची पावती दाखवावी, तसं. विनेशची चूक, तिच्या चमूची चूक, नियमाची चूक, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढं म्हणायलाही कुणाला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशीचं वजन हा नियम पैलवानाच्या भल्याचा आहे, तो राहावा. आदल्या दिवशीची कुस्ती रद्द करणारा भाग मात्र अन्यायाचा आहे. माझं म्हणणं एवढंच होतं आणि ते पंधरा सेंटिमीटरमध्ये बसत होतं.

चौकट गावोगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत छापली गेली. शहर आवृत्तीत तिच्या जागी सिनेनट्यांच्या ट्विटांचा कोलाज आला. वस्ताद तर दोन्हींकडे नाहीत, 'नाव मोठं नाही' म्हणून.

साबळेचं अर्धं पान दुपारीच काढून टाकलं होतं. रात्री तो ८:१४.१८ मध्ये अकरावा आला, एका कॉलमची बातमी. मीराबाई चानू १९९ किलो उचलून चौथी आली, कांस्य एका किलोने हुकलं. एरवी ते पहिलं पान असतं.

१४ ऑगस्टला क्रीडा लवादाने विनेशचं अपील फेटाळलं. सविस्तर निकाल नंतर आला, तो मी शेवटपर्यंत वाचला. लवाद म्हणतो, नियम स्पष्ट आहे, तो मोडला गेला. पण पुढे हेही म्हणतो की परिणाम फार जाचक आहेत, आणि ज्या फेरीला खेळाडू अपात्र ठरली तिथूनच तिला बाद करणं जास्त न्याय्य वाटतं. निकालाचं पान मी त्या मुलीच्या टेबलवर नेऊन ठेवलं. तिने फोटो काढून आईला पाठवला.

पण मला अजून सुटत नाही ती गोष्ट वेगळीच. ९ ऑगस्टला अमन सेहरावतने ५७ किलोत कांस्य जिंकलं, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत जिंकलं तोच गट, तेच पदक. आदल्या रात्री उपांत्य लढत हरल्यावर त्याचं वजन ६१.५ किलो होतं. दहा तासांत त्याने ४.६ किलो उतरवले, काटा ५६.९ वर थांबला. आमच्याकडे ही बातमी रंगीत चौकटीत गेली, दोन कॉलम, पंधरा सेंटिमीटर, जिद्दीची गाथा म्हणून. गरम पाण्याची अंघोळ, सॉना, ट्रेडमिल, तासातासाचा तपशील. शहर आवृत्तीतही. त्या चौकटीत मी एक ओळ घालायला सांगितली, की हे करू नये असंच डॉक्टर सांगतात. पान लावणारा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, जागा नाही."