स्ट्रिक्ट की ट्रान्झिशनल? एका ग्रंथालयाच्या साइटची दुरुस्ती

२००५ साली एका मराठी ग्रंथालयाची साइट नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलं. जुनी पानं फ्रंटपेज या वेबपानं बनवायच्या प्रोग्रॅममध्ये केलेली होती आणि त्यांना डॉकटाइपच, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी पहिली ओळच, नव्हता. म्हणजे पहिली ओळ लिहायला बसलो तिथेच निर्णय घ्यायचा होता, वेबपानाच्या भाषेचा, एचटीएमएल ४.०१ चा, कडक प्रकार स्ट्रिक्ट की जुनं लिखाणही चालवून घेणारा ट्रान्झिशनल. एक्सएचटीएमएलची, म्हणजे एचटीएमएलच्या अधिक काटेकोर रूपाची, तेव्हा फार हवा होती, पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला ते खऱ्या रूपात पाठवलं की पान दिसण्याऐवजी डाउनलोडची खिडकी यायची. शेवटी साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचं, तर नुसता थाट कशाला? तो पर्याय मी लगेच सोडला.

स्ट्रिक्टमध्ये दिसण्यापुरते असलेले टॅग, म्हणजे मजकुराभोवती घालायच्या खुणा, चालत नाहीत. फाँट, सेंटर, अलाइन, सगळं सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम लिहायच्या वेगळ्या भाषेत. ऐकायला छान, पण त्या काळच्या मराठी पानात फाँट टॅग शोभेपुरता नसायचा. मजकूर शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेला, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचेच कोड. टॅग काढला की ‘ग्रंथसंग्रह’ऐवजी नुसता अगम्य गोळा दिसणार. टॅगच्या जागी स्पॅन, म्हणजे ओळीतल्या मजकुराला वेढणारा टॅग, घालावा, तर फ्रंटपेजने कुठे दोन-तीन परिच्छेदांभोवती मिळून एकच फाँट टॅग गुंडाळलेला, कुठे तो एका परिच्छेदात उघडून दुसऱ्यात बंद केलेला. स्पॅनमध्ये परिच्छेद बसत नाही, म्हणून व्हॅलिडेटर, म्हणजे नियम तपासणारा प्रोग्रॅम, पुन्हा लाल. अखेर शिवाजी फाँट बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानालाच लावला. मग ईमेलचा पत्ता आणि आयएसबीएनही त्याच फाँटमध्ये गेले आणि भलतीच मराठी अक्षरं उमटली. त्यांना वेगळा क्लास, म्हणजे वेगळा फाँट लावायची खूण, दिला. काम किचकट होतं, पण मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे हे त्या पानांत पहिल्यांदाच नीट नोंदवलं गेलं. स्ट्रिक्टचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

मग वरच्या चित्राची गंमत. चित्राचे तुकडे करून टेबलात बसवलेले होते. स्ट्रिक्ट लावल्याबरोबर फायरफॉक्समध्ये प्रत्येक तुकड्याखाली बारीक फट पडली. चित्र हे ओळीतल्या अक्षरासारखंच बेसलाइनवर बसतं आणि खाली उकारापुरती जागा राहते, नियमाने ते बरोबरच आहे. ट्रान्झिशनलचा पूर्ण, म्हणजे नियमांच्या फाइलचा पत्ता असलेला डॉकटाइप दिला की टेबलातल्या अशा चित्रांपुरती सूट मिळते आणि फट जाते. मी स्ट्रिक्ट ठेवून चित्रांना डिस्प्ले ब्लॉक दिलं, म्हणजे ती ओळीत न बसता स्वतंत्र ठोकळा झाली.

इथेच एक गोष्ट पक्की कळली. डॉकटाइप पाहून ब्राउझर तुमचे नियम तपासत बसत नाही, फक्त पान कुठल्या मोडमध्ये मांडायचं ते ठरवतो. ट्रान्झिशनल लिहून त्यातला पत्ता गाळला, तर थेट क्वर्क्स मोड, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या सवयींप्रमाणे पान मांडणं. त्यात एक्सप्लोरर पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, रुंदीच्या आतच धरायचा, म्हणून २०० पिक्सेलचा, दोन्ही बाजूंना १० पॅडिंग असलेला रकाना तिथे २०० आणि इतरत्र २२० भरायचा. लेआउट मोडायचा तो बहुतेक अशा ठिकाणी, एखाद्या सेंटर टॅगमुळे नव्हे.

ग्रंथपाल मॅडमचा एकच आग्रह होता, “अहो, पीडीएफ नवीन विंडोतच उघडू देत हं, वाचक परत येतच नाहीत.” स्ट्रिक्टमध्ये त्यासाठीचा टार्गेट चालत नाही. बरेच जण तो जावास्क्रिप्टने मागून चिकटवायचे. मला हा निव्वळ पोरखेळ वाटतो, व्हॅलिडेटरला फसवून मिळवायचं काय? ग्रंथयादीचंही तसंच. दुसऱ्या पानावरची यादी ५१ पासून सुरू व्हायला हवी, पण त्यासाठीचा स्टार्ट स्ट्रिक्टने काढून टाकलेला. पुस्तकाचा क्रमांक ही काय सजावट आहे? सीएसएसचे काउंटर, म्हणजे आपोआप क्रमांक देणारी सोय, एक्सप्लोरर ६ ला कळत नव्हते.

म्हणून वाटणी केली. मुखपृष्ठ, माहिती, नियम अशी मी सांभाळायची पानं स्ट्रिक्ट. ग्रंथयादी आणि मॅडम स्वतः फ्रंटपेजमध्ये बदलणार ती बातम्यांची पानं ट्रान्झिशनल, पूर्ण पत्त्यासकट. एकाच साइटवर दोन डॉकटाइप पाहून एका मित्राने नाक मुरडलं. पण मॅडमनी सेंटर टॅग घातला म्हणून मला संध्याकाळी फोन येणार नव्हता, आणि मला तेवढं पुरे होतं.

पुढे साइट युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीवर गेली, तेव्हा मराठी-इंग्रजी आधीच वेगळी असल्याने रूपांतराच्या प्रोग्रॅमला काय बदलायचं ते नेमकं सांगता आलं. ट्रान्झिशनल पानांत मात्र ईमेलचे पत्ते हाताने वेचून काढावे लागले. २०१४ साली एचटीएमएल ५ शिफारस म्हणून आलं, त्यात स्टार्ट आणि टार्गेट दोन्ही पुन्हा वैध आहेत. फाँट टॅग अजूनही बाहेरच.