उंदरांची वाट बंद

आज सगळा दिवस घरातली भोकं बुजवण्यात गेला. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथे करंगळीही जाणार नाही एवढी फट, आणि तिच्या कडेला काळपट तेलकट डाग. उंदरांच्या अंगाचाच तो माग. लहान उंदराला जेमतेम 6 मिलिमीटरची फटही पुरते! कापडाचा बोळा ते कुरतडून टाकतात, म्हणून तारेची घासणी ठासून भरली आणि वरून सिमेंट लिंपलं. लेंड्या मात्र कोरड्या झाडू नका हं, ती धूळ नाकातोंडात जाते. आधी जंतुनाशकाने भिजवा, मग हातमोजे घालून पुसून घ्या. गोंदाचे सापळे मला बघवत नाहीत, जीव तासन्‌तास तडफडतो. दाराखालची पट्टी तेवढी राहिली आहे, ती उद्या बसवेन.