वाळू दे, तोवर बघ

आठवीत एलिमेंटरीच्या तयारीसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चित्रकलेच्या वर्गात थांबायचो. वस्तुचित्रात मला घाई नडायची. तांब्याची सावली ओली असतानाच मी दुसरा रंग चढवायचो आणि कागदावर चिखल व्हायचा. सर ब्रश काढून घेत आणि म्हणत, "वाळू दे. तोवर बघ."

एकदा त्यांनी मासिकातून कापलेलं एक चित्र भिंतीला लावलं. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं. सगळीकडे पिवळा रंग, मध्ये काही पुसट खुणा. कुणीतरी विचारलं, "सर, कशाचं आहे?" सर म्हणाले, "रंगाचं."

२०१४च्या हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. मासिकातल्या त्या तुकड्यात यातलं काहीच उतरलं नव्हतं! रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंगाचा थर द्यायचा, कुठे खरवडायचा, कुठे ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घ्यायचा, मग पुन्हा थर. त्यामुळे उजेड कॅनव्हासच्या आतून वर येतोय असं वाटतं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं ते पुरी करत. बाकीचा वेळ बघण्यात आणि थांबण्यात जाई.

गायतोंड्यांची ही शैली अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोवरून आली, असं तिथे अनेकजण म्हणत होते. १९६४मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेल्यावर गायतोंडे रॉथकोला भेटले होते, हे खरं. पण रोलर त्यांच्या हाती त्याआधीच आला होता. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली बाहेर पडलेल्या, गिरगावात वाढलेल्या या चित्रकारानं आधी भारतीय लघुचित्रांतले सपाट रंग घेतले, मग युरोपीय चित्रकार पॉल क्लेची रेषा, आणि हळूहळू माणसं, पक्षी, सगळं चित्रातून काढून टाकलं. झेन या बौद्ध पंथाच्या विचारांचं वाचन त्याच काळातलं. त्यामुळे सगळं श्रेय रॉथकोला देणं मला अन्यायाचं वाटतं. 'अमूर्त' हा शब्दही गायतोंड्यांना मान्य नव्हता. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कुठल्याच वस्तूची नसलेली आहेत, असं ते म्हणत. 'कशाचं आहे' या प्रश्नाला सरांनी दिलेलं उत्तर नेमकं होतं.

सर आता नाहीत. त्या प्रदर्शनाचं पुस्तक मी शाळेसाठी आणलं आहे. ते ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता चित्रकलेच्या वर्गात, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवावं, एवढी विनंती.