एका बायोप्सीत न सुटणारे निदान

त्वचेच्या बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्यात मला सर्वांत जास्त थांबायला लावणारा आजार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. नावात बुरशी असली तरी बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी १८०६ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाच्या अंगावरील गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या, म्हणून पुढे हे नाव पडले. प्रत्यक्षात हा त्वचेतील टी-पेशींचा, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पेशींचाच, कर्करोग आहे.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या मांडीवरील फिकट चट्ट्याचा तुकडा माझ्याकडे आला. आधी कोड समजून आणि नंतर कुष्ठरोगाच्या शंकेने त्याच्यावर उपचार झाले होते. सावळ्या त्वचेत हा आजार अनेकदा अशा फिकट चट्ट्यांनीच सुरू होतो. चट्ट्यावर स्पर्श नीट कळतो, ही कुष्ठरोगाच्या विरोधात जाणारी महत्त्वाची गोष्ट मात्र बायोप्सीसोबत आलेल्या अर्जावर कोणी लिहिली नव्हती. मीही अहवालात ‘एक्झिमासारखा दाह’ एवढेच लिहिले, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तिसरी बायोप्सी स्टेरॉइडचे मलम काही आठवडे बंद ठेवून घेतली गेली, कारण मलमामुळे नेमक्या ज्या पेशी शोधायच्या त्याच विरळ होतात. त्या वेळी बाह्यत्वचेच्या तळाशी गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) ओळीने बसलेल्या दिसल्या. प्रत्येकीभोवती पांढरे कडे होते आणि एक्झिमात जशी पेशींमध्ये सूज दिसते तशी सूज जवळपास नव्हती. विशेष रंजनात, म्हणजे पेशींवरील ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या तपासणीत, त्या पेशींनी निरोगी टी-पेशींवर सहसा असणारे सीडी-७ हे प्रथिन गमावलेले आढळले, आणि टी-पेशींच्या जनुकतपासणीत त्या एकाच पेशीची प्रजा असल्याचे दिसले, जे कर्करोगाकडे बोट दाखवते. अर्थात अशी एकजिनसी प्रजा साध्या दाहातही कधीकधी सापडते आणि सुरुवातीच्या चट्ट्यात ती सापडेलच असे नाही, म्हणून केवळ त्या अहवालावर कर्करोगाचा शिक्का मारणे मला धोक्याचे वाटते.

चट्टा कपड्यांखाली झाकलेल्या भागावर आहे का, किती वर्षांचा आहे, मलम कधी थांबवले, हे त्वचारोगतज्ज्ञाने अर्जावर लिहिले तर माझे अर्धे काम होते. म्हणून आता मी फोन करून ते विचारतेच.

त्या तरुणाला नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशाचे, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचे, उपचार सुरू झाले. त्याच्या तिन्ही बायोप्सींचे तुकडे ज्यात जपले आहेत ते मेणाचे ठोकळे मी एकत्र ठेवले आहेत, पुढचा तुकडा आला की शेजारी ठेवून पाहता यावेत म्हणून.