रस कशाचा निघतो, कशाचा नाही : घरी ज्यूस काढायला लागल्यावरचा माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यात घरात नवा ज्युसर आला की पहिल्याच दिवशी त्यात केळं जातं. हाताशी तेच असतं. रावेर-यावलकडचा घड घरात पिकत असतो, चार केळी काळी पडायला लागलेली असतात. पाच मिनिटांत जाळी लगद्याने बंद होते, मोटर घरघरते आणि पेल्यात चमचाभर चिकट पाणी पडतं. यात यंत्राचा दोष नसतो. केळ्यात सुमारे 75 टक्के पाणी असलं तरी त्याचा गर ते धरून ठेवतो, दाबून सोडत नाही. शहाद्याकडची पपई, चिकू, सीताफळ, पिकलेला आंबा यांचंही तेच. ही मिक्सरची फळं. त्यांचा शेक होतो, रस होत नाही.

म्हणून नवीन वस्तू ज्युसरमध्ये घालण्याआधी मी एकच परीक्षा घेते. ती वस्तू मूठभर किसायची आणि मुठीत पिळायची. बोटांतून पाणी टपकलं तर तिचा रस निघेल, लगदाच बाहेर आला तर नाही. काकडी, गाजर, बीट, दुधी, कोहळा, सफरचंद पास होतात. डाळिंब, द्राक्षं, मोसंबी, कलिंगड यांना परीक्षेची गरजच नाही.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिले पंधरा दिवस यंत्र घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला मिक्सर आणि धुतलेलं मलमलचं कापड एवढं पुरतं. 300 ग्रॅम भाजीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यात 50 मिली गार पाणी, मिक्सर थांबवत थांबवत 30 ते 40 सेकंद. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि रसाला शिजल्यासारखा वास येतो. मग कापडात ओतून पुरचुंडी पिळायची. वापर झाल्यावर कापड उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास धरतं. पंधरा दिवसांत कळतं की घरात हा रस कोण पितं, रोज धुण्याचा कंटाळा येतो का आणि कोणती चव चालते. त्यानंतर पैसे घालावेत.

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. एक वेगाने फिरणारं, ज्यात दात असलेली चकती भाजी किसते आणि जाळीच्या भांड्यातून रस बाहेर फेकला जातो. मिक्सरसोबत येतं ते ज्युसरचं भांडं याच जातीचं. काम झटपट होतं, पण रसात हवा शिरते, वर फेस येतो आणि पालकासारखी पानं जवळजवळ न पिळताच चोथ्यात जातात. दुसरं कोल्ड प्रेस. यात मिनिटाला साधारण 40 ते 60 फेरे घेणारा जाड स्क्रू असतो, दुकानदार त्याला ऑगर म्हणतात. तो भाजी जाळीवर दाबून पिळतो. वजन करून पाहिल्यावर मला 1 किलो ताज्या गाजराचा पहिल्या प्रकारात साधारण 400 ते 450 मिली, तर कोल्ड प्रेसमध्ये 500 ते 550 मिली रस मिळतो. गाजरात 88 टक्के पाणी असतं, पण त्यातलं एवढंच हाताला लागतं. काकडीत हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून घरात मुख्यतः कलिंगड, काकडी आणि मोसंबीच प्यायची असेल तर महागड्या कोल्ड प्रेसची गरज नाही. गाजर, बीट, आवळा, पालेभाजी रोज लागणार असेल तरच ते घ्यावं. घेताना जाळी आणि रबरी रिंग सुटी मिळते का, हे आधी विचारावं. मोटर टिकते, आधी जातात त्या या दोनच वस्तू.

पहिला पेला चुकायची शक्यता सगळ्यात कमी असा हा : 200 ग्रॅम गाजर (मध्यम दोन), 200 ग्रॅम काकडी (एक), पेराएवढं आलं आणि शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. कोल्ड प्रेसमध्ये यातून जवळपास 240 मिली निघतो, एकाला पुरून थोडा उरतो. हाताने पिळलेलं लिंबू वरून घालायचं, यंत्रात नाही. कागदी लिंबाच्या सालीतलं तेल उतरलं की सगळा पेला कडवट होतो. थंडीतलं लाल गाजर नारिंगी गाजरापेक्षा गोड लागतं, त्यामुळे ते मिळतं तोवर साखरेचा विचारही मनात येत नाही. गाजराच्या डोक्याचा हिरवा भाग कापून टाकायचा, कडूपणा तिथेच असतो. आठवडे बाजारातून आणलेली गाजरं उन्हाने मऊ पडली असतील तर दोन तास गार पाण्यात बुडवून ठेवावीत. ती पुन्हा ताठ होतात आणि रसही वाढतो. मऊ गाजर यंत्रात पिळलं जात नाही, नुसतं चुरडलं जातं.

बीट सुरुवातीला पेल्यामागे 50 ते 80 ग्रॅमच. जास्त झालं तर घशात खवखवतं आणि मातकट वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, पहिल्या पावसानंतर जमिनीतून येतो तोच. बिटाचं साल आणि देठाकडची चकती काढली की तो बराच कमी होतो, उरलेला मोसंबी झाकते. बीट प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नये, तो रंग बिटाचा असतो.

धुण्याबद्दल. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हे पहिलं काम. त्यानंतर 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं भिजवायचं आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं. यामुळे सालीवरच्या फवारणीचा बराच अंश निघतो, आत मुरलेला निघत नाही. द्राक्षं आणि पालकासाठी मी हे कधीही चुकवत नाही.

आता दुधी. उन्हाळ्यात आपल्याकडे 44-45 अंशांवर पारा गेला की घरोघरी दुधीचा रस सुरू होतो, म्हणून हे नीट वाचा. दुधी, काकडी, गिलकं (घोसाळं) ही एकाच कुळातली. त्यांच्यात कधी कधी कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढतात आणि फळ कडूजहर होतं. वरून दुधी तसाच कोवळा, हिरवा दिसतो. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला की दुधीचा रस काढण्याआधी एक तुकडा चाखावा, कडू असल्यास फेकावा, आणि दुसऱ्या कशात मिसळू नये. मिसळू नये याचं कारण सरळ आहे : गाजर-आवळ्याच्या चवीत कडूपणा लपतो आणि धोक्याची खूण जाते. मी दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन तुकडे चाखते. जरा शंका आली तरी तो दुधी भाजीलाही नको, कारण शिजवून हे विष जात नाही. कडू रस चुकून पोटात गेला आणि उलटी, जुलाब, पोटात कळ सुरू झाली, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखान्यात जायचं. यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्याचा असतो. त्यामुळे ‘कारलं चालतं तर हे का नाही’ हा हिशेब इथे लावू नये.

यंत्रात घालताना क्रम महत्त्वाचा. मऊ वस्तू आधी, कडक नंतर, आणि पानं दोन कडक तुकड्यांच्या मध्ये. पालकाची 8-10 पानं घट्ट गुंडाळून काकडीच्या मागोमाग सोडली, वर गाजराचा तुकडा दिला की ती पूर्ण पिळली जातात. आलं आणि कोथिंबिरीचे देठ यांचे धागे स्क्रूभोवती गुंडाळतात, म्हणून आल्याच्या पातळ चकत्या आणि देठाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. आवळा, जांभूळ, बोर यांची बी काढलीच पाहिजे, एका बीने जाळी तडकते. ऊस आणि बर्फ कधीही घालू नये. दट्ट्याने ढकलायची घाई तर अजिबात नको. स्क्रू स्वतः ओढून घेतो, आपण जोर लावला की तो अडकतो. एक तुकडा खाली गेला की दुसरा, एवढाच वेग.

अडकलाच तर बंद करायचं, उलट फिरवायचं बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, मग पुन्हा सुलट. तरीही हलला नाही तर उघडून साफ करावं, बटणं दाबत बसू नये. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असेल तर मोटर स्क्रू फिरवताना तापते. त्या वेळी रस काढायचा मोह टाळावा, पहाटेची वेळ बरी. चोथा ओला येत असेल तर कारण तीनपैकी एक असतं : जाळीची भोकं बुजली आहेत, चोथ्याच्या तोंडाचं रबरी बूच सैल झालंय, किंवा भाजी फार पिकलेली आहे. खालून रस गळत असेल तर रबरी रिंग उलटी बसली आहे. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होतेच. कडक गाजर जाताना कर्रकर्र आवाज येतो, तो चालतो. मोटरचा जळका वास मात्र चालत नाही.

रस काढला की वीस मिनिटांत प्यावा. बाटलीत ठेवायचाच तर काचेची बाटली आधी फ्रिजमध्ये गार करावी, रस गळ्यापर्यंत भरावा म्हणजे आत हवा राहत नाही, लिंबू पिळलेलं असावं आणि 24 तासांत संपवावा. सफरचंदाचा रस तपकिरी होतो तो हवेमुळे, लिंबाचं आम्ल ती क्रिया मंदावतं. मोसंबीचं गणित वेगळं. काढल्या काढल्या गोड लागणारा रस तासाभरात कडवट होतो, कारण बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यातल्या द्रव्यापासून लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं. म्हणून मोसंबी पांढरं साल काढून आणि बिया वेचून घालावी, आणि साठवू नये. कलिंगडही साठवणीचं नाही, पाच तासांत त्याचं पाणी आणि गर वेगळे होतात.

प्रमाण 150 ते 200 मिली, तेही जेवणाऐवजी नाही. चोथ्यात तंतू राहून जातो, त्यामुळे फळांच्या रसातली साखर फळ खाण्यापेक्षा लवकर चढते. मधुमेह असेल तर पेल्यात काकडी आणि पालेभाजी जास्त, फळ नाममात्र. मुतखडा असणाऱ्यांनी पालक आणि बिटाचा रस टाळावा, त्यांत खडे बनवणारं ऑक्सॅलेट भरपूर असतं. किडनीचा आजार असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा रस सुरू करू नये. ‘शरीर साफ होतं’ म्हणून चार-चार दिवस नुसत्या रसावर राहण्याला मी कधीच होकार देत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतच असतात.

धुणं पेला संपायच्या आधी. दहा मिनिटं गेली की चोथा जाळीत सिमेंटासारखा धरतो. सगळे भाग सुटे करून नळाखाली धरायचे आणि जाळी दोन्ही बाजूंनी ब्रशने घासायची. गाजराने प्लास्टिक नारिंगी झालं तर साबण चालत नाही, कारण तो रंग तेलात विरघळतो. गोडेतेलाचा बोळा फिरवायचा, मग साबण. बोअरचं जड पाणी असेल तर महिन्याभरात जाळीवर पांढरा थर दिसायला लागतो. 1 लिटर कोमट पाण्यात 2 चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा तास बुडवून ठेवलं की तो सुटतो. रबरी रिंग काढून पुसून वेगळी वाळवायची. ओली बसवली तर खाली काळी बुरशी धरते.

राहिला चोथा. गाजर-बिटाचा चोथा थालीपीठाच्या पिठात एकास तीन या प्रमाणात, पाणी नेहमीपेक्षा कमी. पालकाचा चोथा फुणक्यांच्या (वाफवलेल्या डाळीच्या मुटक्यांच्या) वाटलेल्या डाळीत घातला तर ते सुटत नाहीत आणि रंगही छान येतो, फक्त आधी पिळून कोरडा करावा. काकडीचा दह्यात. आल्याचा चोथा चहाच्या डब्यात न ठेवता त्याच दिवशी उकळून संपवावा. आणि गोठ्यात गाय असेल तर लिंबू-आलं लागलेला चोथा बाजूला काढून बाकीचा तिच्यापुढे टाकावा, ताजा असेपर्यंतच.