झेलेझ्ना काप्ला आणि पेर्शमान: ऑस्ट्रियातल्या स्लोव्हेन खोऱ्यात

ऑस्ट्रियाला येणारी आपली मंडळी व्हिएन्ना, साल्झबुर्ग, हालस्टाट करून परत जातात, केर्न्टन प्रांतापर्यंत फारसं कोणी उतरत नाही. आम्ही त्याच्याही टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेलगत बाड आयझेनकापेलला गेलो. गावाचं दुसरं नाव झेलेझ्ना काप्ला, कारण इथे पिढ्यानपिढ्या स्लोव्हेन बोलणारी माणसं राहतात, आणि ती ऑस्ट्रियन आहेत, बाहेरून आलेली नाहीत. हा भाग ऑस्ट्रियात राहावा की युगोस्लाव राज्यात जावा यावर झालेल्या 1920 च्या सार्वमतात त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ऑस्ट्रियाच्या बाजूनेच मत दिलं होतं. आणि एप्रिल 1942 मध्ये नाझींनी याच लोकांची सुमारे हजार माणसं, म्हातारेकोतारे नि तान्ही मुलं धरून, शेतघरांतून उचलून जर्मनीतल्या छावण्यांत पाठवली. मग उरलेले काही जंगलात जाऊन पार्टिझान, म्हणजे नाझींशी लढणारे गनिमी सैनिक झाले, बायका त्यांना भाकरतुकडा पोचवायच्या, पकडल्या गेल्या की राव्हेन्सब्रुक, बायकांची छळछावणी. एप्रिल 1943 मध्ये या भागातल्या 13 जणांचा व्हिएन्नात एका दिवसात शिरच्छेद झाला.

जायचं कसं ते सांगते. क्लागेनफुर्टहून क्युह्न्सडॉर्फपर्यंत ट्रेन, पुढे बस, पण शनिवार-रविवारी बसचं टाइमटेबल आधी बघूनच निघा. पेर्शमानच्या शेतघरापर्यंत, जिथे 1945 मध्ये एका कुटुंबाला मारलं आणि आता म्युझियम आहे, मात्र स्वतःची गाडी हवी नाहीतर पायी चढायची तयारी. रस्ता जंगलातून वर जातो, अरुंद आहे, समोरून लाकडाचा ट्रक आला तर मागे घ्यावी लागते. म्युझियम उन्हाळ्याच्या सीझनमध्येच उघडं असतं आणि तेव्हाही रोज नाही, म्हणून आधी ईमेल करून गाइडेड टूर मागा. मांडणी जर्मन आणि स्लोव्हेनमध्ये आहे, ट्रान्सलेटर अ‍ॅपची भाषा डाउनलोड करून ठेवा, वर नेट धड मिळत नाही आणि कधीकधी फोन स्लोव्हेनियाचं नेटवर्क पकडतो.

25 एप्रिल 1945 ला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, या शेतघरात पार्टिझान उतरलेत म्हणून नाझींच्या एसएस-पोलीस रेजिमेंटचे लोक आले, पार्टिझान निसटले, आणि पोलिसांनी घरातल्या 11 जणांना गोळ्या घातल्या. त्यातली 7 लहान मुलं. काही मुलं वाचली. युद्धानंतर चौकशी झाली आणि बंद पडली, एकालाही शिक्षा नाही. बाहेर पार्टिझानांचं स्मारक आहे ना, ते आधी फोल्करमार्क्टच्या स्मशानात होतं, 1953 मध्ये तिथे कोणीतरी स्फोटकं लावून उडवलं, नंतर पुतळे दुरुस्त करून इथे आणले. ते नीट बघा, कारण इथल्या घरांना युद्धानंतरही सुटल्यासारखं का वाटलं नाही ते त्यातून कळतं. छावणीतून परत आलेल्यांना शेजारी वर्षानुवर्षं 'डाकू', 'देशद्रोही' म्हणत राहिले. ऑस्ट्रियाला स्वातंत्र्य परत देणाऱ्या 1955 च्या राज्य करारात गावांच्या नावांच्या द्विभाषिक पाट्यांचा हक्क लिहिला होता, 1972 मध्ये पाट्या लागल्या तर जमावाने उपटून टाकल्या. प्रश्न मिटला 2011 मध्ये, 164 गावांपुरता. बेळगावकडच्या माणसाला पाटीसाठी लोक एवढे का झगडतात हे समजावून सांगावं लागणार नाही.

आम्ही उतरलो त्या घरच्या काकू साठीच्या पुढच्या, युद्धानंतर जन्मलेल्या. त्यांच्या आजीकडे युद्धात पार्टिझानांसारखे कपडे घालून पोलीस यायचे, भाकरी मागायचे, आणि दिली की दुसऱ्या दिवशी अटक. म्हणून घरातल्या मुलांना एकच शिकवण होती, काल आपल्याकडे कोण आलं होतं असं कोणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं. पुढे ती आजी सून-नातवंडांनाही तेच शिकवत राहिली, कारण कोणालाच न सांगता. काकू म्हणाल्या, मुलगा कुठे नोकरी करतो असं कोणी विचारलं तर अजूनही माझ्या तोंडून आधी 'माहीत नाही' निघतं. वडील रात्री ओरडत उठायचे आणि सकाळी त्यावर कोणी बोलायचं नाही, हे तर त्यांना सगळ्याच घरांत असतं असं वाटायचं. छळ भोगला आजीने, पण गप्प बसायची सवय नातीच्या अंगात उतरली, आणि बाहेर कोणी ऐकून घेणारं नसल्याने ती पक्की झाली असं मला ठामपणे वाटतं. 2020 मध्ये ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष फान डर बेलेन यांनी क्लागेनफुर्टला स्लोव्हेन लोकांची जाहीर माफी मागितली, तो विषय काढला तेव्हा काकू बराच वेळ बोलल्या. आई तोवर हवी होती, म्हणाल्या.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढं करा, 'तुमच्या घरात कोणाला नेलं होतं का' असं थेट विचारू नका, आणि सांगत असतील तर मोबाइल खाली ठेवा, रेकॉर्डिंग तर अजिबात नको. दुकानात 'डोबर दान' (स्लोव्हेनमधला नमस्कार) म्हणा, लोकांना बरं वाटतं. स्मशानभूमीत दोन्ही भाषांतले दगड आहेत, फोटो काढताना ताजी फुलं असलेल्या कबरी सोडा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना ओबिरच्या गुहा दाखवायला एकाने घेऊन जा आणि दुसऱ्याने पेर्शमान बघा, नंतर अदलाबदल करा. मारल्या गेलेल्या मुलांची माहिती म्युझियमच्या आत वयासकट आहे, दहा वर्षांच्या आतल्या पोरांना ते झेपणार नाही.